प्युरिफाइंग सिलेक्शनला मराठीत काय म्हणायचं?

बारावीच्या मुलांसाठी पेशीतल्या सिग्नलिंगवर, म्हणजे पेशीत निरोप कसे पोचतात त्यावर, टिपण लिहितेय. नॅचरल सिलेक्शनला 'नैसर्गिक निवड' आहेच, पण त्याचे पॉझिटिव्ह (फायद्याचा बदल पसरतो) आणि प्युरिफाइंग (घातक बदल गळून जातो) असे दोन प्रकार आले की अडतं. 'शुद्धीकारक निवड' असं वाचलं, पण काही पटेना. कुणाला सुचतंय का?

—

'शुद्धीकारक' नकोच ताई. आपल्याकडे शुद्ध म्हटलं की डोकं लगेच रक्त, कुळ, जात इकडे जातं आणि जनुकांच्या बाबतीत तर तो वास अजिबात नको. शब्द आपल्या स्वयंपाकघरातच आहे. तांदूळ निवडतो तेव्हा आपण चांगला दाणा शोधत नाही, खडा दिसला की उचलून टाकतो, बाकी ताट तसंच राहतं. साडी निवडताना मात्र दहातली एक घेतो. क्रियापद एकच पण काम उलटं. म्हणून मी प्युरिफाइंगला 'निवडून टाकणं' आणि पॉझिटिव्हला 'निवडून घेणं' म्हणेन.

सिग्नलिंगच्या जाळ्यात मधोमध बसलेल्या जनुकांवर टाकण्याचंच काम जास्त चालतं. कॅल्मोड्युलिन बघा, पेशीत कॅल्शियम वाढलं की हे प्रथिन त्याला धरतं आणि पुढे कितीतरी प्रथिनांना निरोप पोचवतं. 148 अमिनो आम्लांचं, म्हणजे तसं लहानच. माणसात त्याची 3 जनुकं आहेत, 14, 2 आणि 19 नंबरच्या गुणसूत्रांवर, तिघांची डीएनएतली अक्षरं बरीच वेगळी पण तिघांपासून बनणारं प्रथिन हुबेहूब एकच, आणि कोंबडीत नि बेडकातही तेच! म्हणजे अक्षरं बदलत राहिली, पण अर्थ बदलणारा बदल खड्यासारखा बाहेर गेला, कारण इतक्या जणांशी जुळवून घ्यायचं असताना एकासाठी अंग बदललं की बाकीच्यांशी बिनसतं. असा बदल घेऊन जन्मलेली मुलं आहेत, त्यांच्या हृदयाची लय लहानपणीच जीवघेणी बिघडू शकते. खडा म्हणजे तो बदल, ते मूल नव्हे, हे वर्गात ठासून सांगा.

—

तांदळाचं आवडलं, पण तांदूळ निवडायला कुणीतरी बसलेलं असतं ना? निसर्गात कोण बसलंय? मला 'निवड' शब्दच खटकतो.

—

ही तक्रार डार्विनच्या हयातीतलीच आहे. 1866 मध्ये वॉलेसने, म्हणजे नैसर्गिक निवडीची कल्पना स्वतंत्रपणे सुचलेल्या निसर्गअभ्यासकाने, त्याला पत्र लिहून सांगितलं की सिलेक्शन म्हटल्यामुळे लोकांना कुणीतरी निवडणारा आहे असं वाटतं, त्यापेक्षा तत्त्वज्ञ स्पेन्सरचं 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' वापर, आणि 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या 1869 च्या पाचव्या आवृत्तीत डार्विनने ते घेतलंही. पण त्याचं मराठीत 'बळी तो कान पिळी' करतात ते साफ चूक आहे, इथे बळाचा संबंधच नाही. 'तगणं' हा आपला शब्द जास्त खरा. रोप तगलं म्हणतो तेव्हा कुणी तगवलं असं म्हणत नाही.

—

आणि 'निवडून घेणं'चं एखादं उदाहरण? तेही सिग्नलिंगमधलंच हवं.

—

मग मधून उठून कडेला या, पेशीच्या बाहेरच्या अंगाला, जिथे जंतू येऊन भिडतात. डफी नावाचा रिसेप्टर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं निरोप पकडणारं प्रथिन आहे, केमोकाइन हे निरोपे रेणू पकडणारं. व्हायवॅक्स मलेरियाचा परजीवी लाल पेशीत शिरायला मुख्यतः हाच दरवाजा वापरतो, आपल्याकडे मुंबईत रक्ततपासणीत निघतो तोच व्हायवॅक्स. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत बहुतेक लोकांच्या लाल पेशींवर हा दरवाजाच नाही. गंमत अशी की प्रथिनाचा मजकूर शाबूत आहे, जनुकापुढच्या स्विचमधलं एकच अक्षर बदललंय, त्यामुळे लाल पेशीत तो बनत नाही पण बाकी ठिकाणी बनतो. ज्यांच्यात हा बदल होता ते जास्त तगले, त्यांची मुलं तगली, आणि पिढ्यान्‌पिढ्या होत होत बदल जवळपास सगळ्यांत पसरला. हे 'निवडून घेणं'.

—

छान, दोन्ही उदाहरणं घेते. मथळ्यात 'निवडून टाकणारी निवड' जरा लांब होतंय पण चालेल. आणि सिग्नलिंगला 'संकेतन' करू की 'संदेशवहन'?

—

संदेशवहन. संकेत म्हणजे आधी ठरवलेली खूण, रिसेप्टर आणि त्याचा रेणू एकमेकांना ओळखतात तेवढ्यापुरता तो शब्द चपखल बसेल, पण निरोप पुढे एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतो ते त्यात येत नाही.