मदत हवी आहे: सायलेन्सर बदलल्यापासून फटाके फुटतायत

मंडळी, माझी २०१५ची बुलेट ३५०, कार्ब्युरेटरवाली. मूळ सायलेन्सर खालून गंजून भोक पडलं, म्हणून बाजारातला दुसरा आणून रविवारी अंगणातच बसवला. बेंड पाइप (इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतची वाकडी नळी) जुनाच आहे. (जुना सायलेन्सर निघता निघेना. क्लॅम्पवर गंजाचा स्प्रे मारून रात्रभर ठेवला, सकाळी लाकडी हातोडीने ठोकला, तेव्हा कुठे सुटला.)

आता थ्रॉटल सोडला की मागून फट्‌फट्‌, उतारावर तर जास्तच. स्पार्क प्लग पांढुरका दिसतोय, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात असावी. जोडापाशी हात नेला तर फुंकर लागते, म्हणजे तिथूनच हवा आत शिरत असणार. नवं गॅस्केट घालू की एक्झॉस्टची सीलिंग पेस्ट पुरेल? मेकॅनिक म्हणतो मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं, थ्रॉटल जास्त उघडल्यावर पेट्रोल सोडणारं भोक) मोठा टाक. पण थ्रॉटल बंद असताना मेन जेटचा काय संबंध? मला वाटतं आधी गळती बंद करावी, मग पायलट स्क्रू (थ्रॉटल बंद असतानाचं मिश्रण ठरवणारा) थोडा फिरवून बघावा. चुकतोय का?

आणखी एक. १७५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. ही पुंगळी त्याहून मोठी वाटते, आई तर गल्लीच्या तोंडाशीच ओळखते. आत वेगळा बॅफल (आवाज दाबणारा अडथळा) घालून कुणी आवाज उतरवलाय का? पिकअप किती मरतो?