सभासद कोण, हे ठरवणारी वही

'जिथे ठरलेला धर्मग्रंथ नाही, पोथीनिष्ठा नाही, तिथे सभासद कोण हे ठरवणारच कसं?' असा प्रश्न धर्मसुधारणेसाठी निघालेल्या संस्थांबद्दल विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, पण 'ठरवताच येत नाही' हे पटत नाही. आपल्याकडेच दोन भावांची दोन उत्तरं आहेत. दादोबा पांडुरंग ज्या परमहंस सभेत, म्हणजे जातिभेद मोडू पाहणाऱ्या गुप्त मंडळीत, होते (१८४९), तिथे प्रवेशाची कसोटी श्रद्धेची नव्हती, कृतीची होती: ख्रिश्चनाने भाजलेला पाव खायचा. म्हणजे जात मोडलीत, की झालात सभासद. फक्त हे सगळं गुपचूप. १८६० मध्ये सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली आणि सभाच विस्कटली! धाकटे भाऊ आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज निघाला, तो मात्र उघड. तिथे एकेश्वरी उपासना हा गाभा, पण जात सोडल्याचा पुरावा कुणी मागत नसे. मला यात थोडी बोटचेपेपणाची छटा दिसते, पण समाज टिकला हेही खरं.

अशा संस्थेत निर्णय कोणी घ्यायचे, त्या कारभाराचं म्हणाल तर खरा धडा कलकत्त्याच्या ब्राह्मो समाजाचा, तोही एकेश्वरी उपासनेचाच. तिथले पुढारी केशवचंद्र सेन यांनी आपल्या अल्पवयीन मुलीचं लग्न कूचबिहारच्या राजाशी लावलं आणि वर त्याला ईश्वरी आदेशाचा आधार दिला. अनुयायी चिडले ते लग्नावर तर खरंच, पण तितकेच एकट्या आचार्याच्या शब्दावर सगळं चालण्यावर. १८७८ मध्ये ते बाहेर पडले आणि नव्या संस्थेच्या नावातच 'साधारण' शब्द घातला, म्हणजे सर्वांचा: साधारण ब्राह्मो समाज. निर्णय सभासदांनी निवडलेल्या समितीकडे.