मुरमावर गाळ ओतून डाळिंब लावा म्हणणाऱ्यांसाठी

बरडकरी:
काल 'काळीचा धनी' यांनी लिहिलं की सांगोल्याच्या मुरमाडात दम नाही, तलावाचा गाळ फूटभर पसरा, रान काळं करा, मगच डाळिंब लावा. हे वाचून कुणी नवा पोरगा कर्ज काढून गाळ ओढायचा, म्हणून सविस्तर लिहितो.

2018 च्या उन्हाळ्यात मी हेच केलं. दीड एकरात गाळ पसरला, खड्ड्यातही तोच भरला, डाळिंबाचा भगवा वाण लावला. दोन वर्षं झाडं अशी फोफावली की लोक बघायला यायचे. 2020 च्या परतीच्या पावसात खड्ड्यात पाणी चार दिवस तुंबलं. आधी एक फांदी पिवळी, मग सबंध झाड. उपटून मूळ उभं चिरलं, तर आत काळपट तपकिरी रेघा. मर, म्हणजे झाड वाळवणारा रोग. बांधाकडेची नुसत्या मुरमातली चाळीस झाडं मात्र उभीच.

डाळिंबाला खायला कमी मिळालं तरी चालतं, पाय ओले चालत नाहीत. ताणाचंही तेच, म्हणजे पाणी तोडून पान गाळायचं आणि मग फुलं एकदम आणायची. आंबे बहाराला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांसाठी, पाणी तोडलं की मुरमात महिनाभरात पान पिवळं होऊन गळतं. गाळाच्या रानात दीड महिना झाला तरी झाड हिरवंगार. मग बहार धरायचा कसा?

काळीचा धनी:
चूक खड्डा भरण्यातली आणि खापर काळीवर! मंगळवेढ्याला या. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली मालदांडी ज्वारी पुढे एकही पाणी न घेता दाणा भरते, ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर. भेगा पडायला लागल्या की कोळपं मारून बुजवायच्या, एवढंच. 2016 साली आमच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं ते या मातीमुळेच. तुमच्या मुरमात आज दिलेलं पाणी उद्या नाही. टँकरनं बागा कुणी जगवल्या?

बरडकरी:
ज्वारीला कोण नाही म्हणतंय? सोलापूरच्या डाळिंबालाही त्याच वर्षी मानांकन मिळालं. मालदांडी मुरमात पेरा म्हणून मी तुम्हाला सांगतो का?

कालव्याकाठचा:
काळीचं कौतुक कालवा येईपर्यंतच. आमच्याकडे उजनीचं पाणी आलं आणि आम्ही वर्षभर ऊस भिजवत बसलो. आज चार एकर पांढरं पडलंय. सकाळी अनवाणी चाललं की तळव्याला मीठ चिकटतं. वडिलांनी तिथं हरभरा काढलेला मी पाहिलाय. त्यात एका दुकानदारानं जिप्सम टाका म्हणून तीन ट्रॉल्या गळ्यात मारल्या. काडीचा फरक नाही.

मातीतला विद्यार्थी:
काका, मीठ वर येत असेल तर जमीन क्षारयुक्त आहे. जिप्समचा उपयोग चोपणला, जिथं सोडियम जास्त असतो. तुम्हाला आधी चर काढून निचरा करावा लागेल, मग चांगल्या पाण्यानं क्षार धुवायचे. माती तपासली होती का?

कालव्याकाठचा:
तपासली. अहवालात सामू (पीएच) 8.4 आणि खाली एक शिक्का. पुढं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. आणि चर काढून पाणी सोडू कुठं? खालचा शेतकरी कुऱ्हाड घेऊन उभा राहतो. तुम्ही पुस्तक वाचून सांगता, रान आमचं गेलंय.

मातीतला विद्यार्थी:
माझ्या आजोळचंही तेच झालंय, म्हणूनच हे शिकायला आलो. पुस्तकी म्हणून हिणवू नका. सगळ्या शिवारानं मिळून चर ओढ्यापर्यंत नेल्याशिवाय एकट्याचं काही होणार नाही.

काळीचा धनी:
विषय डाळिंबाचा होता. बरडकरी, मर आणि खोडकिडीनं सांगोल्यात निव्वळ मुरमातल्या बागाही गेल्या की नाही, ते खरं सांगा.

बरडकरी:
गेल्या. माझ्या चुलतभावाचीही गेली. मुरमात रोग येत नाही असं मी म्हणणार नाही, दाट लागवड आणि रोगट रोपांनी घात केला. आणि मुरमात शेणखत सतत घालावं लागतं, हेही मान्य. पण पाणी तुंबवून मरीला आवतण कशाला द्यायचं?

काळीचा धनी:
बरं, खड्ड्यात निव्वळ गाळ नको, इथवर कबूल. तुमची चाळीस झाडं बघितल्याशिवाय पुढचं कबूल करणार नाही.

बरडकरी:
रविवारी या. पहार आणा, हातभर खाली काय लागतं ते तुम्हीच खणून बघा.