तरुण क्वार्टरबॅकसाठी किती थांबायचं? दोन सिझन झाले राव

अर्धवट_पंट:

अमेरिकन फुटबॉलचं, म्हणजे NFL चं बोलतोय. टीमचं नाव मुद्दाम सांगत नाहीये, सांगितलं की निम्मी मंडळी प्रश्न सोडून हसायलाच येतील. तर झालंय असं की ड्राफ्टच्या (टीम कॉलेजमधले नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात तो) पहिल्या राऊंडमध्ये घेतलेला आमचा क्वार्टरबॅक (पास टाकून हल्ला चालवणारा खेळाडू) दोन सिझन पूर्ण खेळला आणि अजूनही मला छातीठोकपणे सांगता येत नाही की पोरगं कामाचं आहे का नाही. एका ड्राईव्हला (बॉल आमच्याकडे असतानाच्या एका पाळीत) असा बॉल टाकतो की मी सोफ्यावरून उठून उभा, आणि पुढच्या ड्राईव्हला थर्ड डाऊनला (तिसऱ्या प्रयत्नाला) दोन डिफेंडर मधे उभे असताना तोच बॉल त्यांच्या हातात नेऊन देतो. दोन वर्षांत दोन ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (हल्ल्याच्या चाली ठरवणारे कोच) झाले, आता तिसरा येतोय म्हणे. लाईनचं (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी) तर बोलायलाच नको, चाळणी आहे नुसती.

माझा धाकटा भाऊ म्हणतो बास झालं, येत्या ड्राफ्टमध्ये दुसरा घ्या. मी म्हणतो अजून एक वर्ष द्या. पण खरं सांगू का, माझंच म्हणणं मला पूर्ण पटलेलं नाहीये, भावाशी भांडायचं म्हणून ती बाजू धरलीये. तर थांबायचं असेल तर कशाच्या जोरावर थांबायचं? बफेलो बिल्सच्या जॉश ॲलनचं उदाहरण येणारच मधे, माहितीये, पण त्यापुढचं पण काहीतरी सांगा.

टेबलतोड्या:

ॲलन. सॉरी, पण देणारच 😄

आकडे तरी नीट बघा लोकहो. २०१८ ला रुकी (पहिलंच वर्ष), ५२.८ टक्के कंप्लीशन (आपल्या माणसाने झेललेले पास), १० टचडाऊन आणि १२ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास). त्या वर्षी ह्याला बस्ट (फसलेली निवड) म्हणणारे आज सापडत नाहीत, कुठं गेले काय माहीत. २०१९ ला ५८.८ आणि २०२० ला एकदम ६९.२ टक्के, ३७ टचडाऊन. आता लोक म्हणतात बिल्सनी धीर धरला. अरे नुसता धीर नाही धरला! २०१९ च्या सुरुवातीलाच जॉन ब्राऊन आणि कोल बीझली हे दोन रिसिव्हर (पास झेलणारे) आणले, लाईनच्या मधोमध मिच मोर्स सेंटर आणला, २०२० ला पहिल्या राऊंडचा पिक (ड्राफ्टमधल्या निवडीचा हक्क) देऊन रिसिव्हर स्टेफॉन डिग्ज आणला, आणि ब्रायन डेबॉल हा कोऑर्डिनेटर २०१८ ते २०२१ तोच ठेवला. म्हणजे पोराला रोज नवीन भाषा शिकायला लावली नाही. तुमच्याकडे तिसरा कोऑर्डिनेटर येतोय ना, मग तुमची टीम धीर धरतीये असं म्हणूच नका, तुमची टीम दर वर्षी नव्याने सुरुवात करतीये आणि वर्षं मात्र पोराच्या नावावर मोजतीये.

कॅपवाला_काका:

आला ॲलन. दर वेळी येतो. असे किती जण ५२ टक्क्यांवरून ६९ वर गेले ते पण सांगत चला की, बोटं मोजायला एक हात पुरेल.

त्याच २०१८ च्या ड्राफ्टमधला जॉश रोझन घ्या, दहावा पिक. कार्डिनल्सनी एका वर्षात त्याला मायामीला देऊन टाकला आणि पहिल्या पिकवर कायलर मरी घेतला. तेव्हा किती शिव्या खाल्ल्या त्यांनी, की पोराला संधीच दिली नाही, हेड कोच पण एका वर्षात घालवला वगैरे वगैरे. बरोबर आहे, संधी नाही दिली. पण पुढे रोझन कुठेच टिकला नाही. त्यामुळे लवकर सोडणं म्हणजे चूकच असं काही नसतं, कधीकधी ते फक्त दिसायला वाईट असतं.

आणि पैशाचं कोणीच बोलत नाही. पहिल्या राऊंडच्या खेळाडूचं कॉन्ट्रॅक्ट चार वर्षांचं, पाचव्या वर्षाचं ऑप्शन टीमच्या हातात, आणि ते घेणार का नाही हे तिसरा सिझन संपल्यावर मे महिन्याच्या सुरुवातीला सांगावं लागतं. घेतलं की ते पैसे आता पूर्ण गॅरंटीड. म्हणजे तुमच्याकडे खरं तर तीन वर्षंच आहेत, चार नाहीत. २०११ च्या आधी तर प्रकरण अजून भयंकर होतं, २०१० ला सॅम ब्रॅडफर्डला एकही स्नॅप (एक खेळी) न खेळता सहा वर्षांचे ७.८ कोटी डॉलर, त्यातले ५ कोटी गॅरंटीड. पुढच्याच वर्षी लीग आणि खेळाडूंमध्ये नवीन करार आला आणि कॅम न्यूटनला, तोही पहिलाच पिक, चार वर्षांचे साधारण २.२ कोटी. तेव्हापासून चुकीचा क्वार्टरबॅक घेणं परवडतं. न परवडणारी गोष्ट म्हणजे त्याच्यासोबत पाचव्या-सहाव्या वर्षात जाणं. जायंट्सनी डॅनियल जोन्सचं ऑप्शन २०२२ ला नाकारलं होतं, शहाणपणा केला होता! मग तो एक सिझन बरा खेळला, प्लेऑफची एक मॅच जिंकला आणि ह्यांनी चार वर्षांचे १६ कोटी डॉलर लिहून दिले. नोव्हेंबर २०२४ ला सोडून दिला. एका बऱ्या वर्षाची किंमत.

तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा, मुलगा हुशार आहे.

शांत_बाक:

मुळात पहिल्याच वर्षी खेळवायला कोणी सांगितलं होतं? पी हळद आणि हो गोरी. चीफ्सचा माहोम्स २०१७ ला ॲलेक्स स्मिथच्या मागे राखीव म्हणून बसला, सिझनची शेवटची मॅच तेवढी खेळला. जॉर्डन लव्ह तीन वर्षं बसला.

कॅपवाला_काका:

@शांत_बाक बसायला पुढे कोणीतरी चांगला खेळणारा लागतो ना. चीफ्सकडे स्मिथ होता, पॅकर्सकडे रॉजर्स. पहिला-दुसरा पिक ज्या टीमला मिळतो तिच्याकडे कोण असतो? कोणीच नसतो, टीम तळाला जाते, म्हणूनच तर तो पिक मिळतो.

ऑल२२_बघणारा:

मी मॅच टीव्हीवर बघतो आणि मग दोन दिवसांनी ऑल-२२ वर (मैदानावरचे बावीसही खेळाडू दिसतात त्या व्हिडिओवर) परत बघतो, बायको म्हणते तुला कोणी पगार देतं का ह्याचा. असो. माझं म्हणणं असं की वर्षं मोजू नका आणि कंप्लीशन टक्केवारीवर पण फार जाऊ नका, चुका कुठल्या प्रकारच्या आहेत ते बघा, कारण काही चुका वयाने जातात, काही कोचिंगने जातात आणि काही जातच नाहीत.

जाणाऱ्या चुका कुठल्या, तर कव्हरेज (डिफेंडर कोणाला, कुठे अडवणार ते) ओळखण्यातल्या. स्नॅपच्या आधी दोन सेफ्टी (सगळ्यात मागचे डिफेंडर) मागे दिसतात, स्नॅप झाला की एक खाली सरकतो आणि पोरगं फसतं. कॉलेजमध्ये हे इतक्या सफाईने कोणी केलेलं नसतं त्याच्याशी. पेटन मॅनिंगने १९९८ ला २८ इंटरसेप्शन टाकलेत, रुकीचा रेकॉर्ड आहे तो अजून, टीम ३-१३ (३ जिंकल्या, १३ हरल्या). पुढच्याच वर्षी १३-३. तो बॉल चुकीच्या जागी टाकत होता पण वेळेवर टाकत होता, रीड करत होता (कोणाला टाकायचं ते बघून ठरवत होता), फक्त उत्तर चुकत होतं.

न जाणाऱ्या (किंवा फार अवघड जाणाऱ्या) चुका म्हणजे डोळ्यांच्या. पॉकेट (लाईनने त्याच्यासाठी राखलेली जागा) स्वच्छ आहे, कोणी अंगावर आलेलं नाही, तरी नजर रिसिव्हरवरून खाली येते आणि रशरकडे (त्याला पाडायला येणाऱ्याकडे) जाते. पाय नाचायला लागतात. पहिला रीड नाही मिळाला की लगेच पळ. ही सवय बऱ्याचदा आधीच्या माराने लागलेली असते. डेव्हिड कार आठवा, टेक्सन्सचं पहिलंच वर्ष २००२, बिचारा ७६ वेळा सॅक झाला (बॉल टाकायच्या आधीच पाडला गेला). आधी कळस मग पाया, दुसरं काय. पँथर्सच्या ब्राईस यंगचं २०२३ चं पहिलं वर्ष बघा, ६२ सॅक आणि ११ मॅचनंतर हेड कोचच घरी.

आता इथे मी दोघांच्याही विरोधात जातो, कारण सॅम डार्नल्ड, तेव्हाचा जेट्सचा क्वार्टरबॅक. ऑक्टोबर २०१९, मंडे नाईट, पेट्रियट्सकडून ३३-० ने हार, चार इंटरसेप्शन, आणि बाकावर बसून माईकमध्ये म्हणाला की मला भुतं दिसतायत. सगळ्या देशाने ऐकलं. जेट्सनी २०२१ ला त्याला पँथर्सकडे पाठवला, तिथेही नाही जमलं, मग ४९अर्सकडे बॅकअप. बारा गावचं पाणी पिऊन २०२४ ला व्हायकिंग्सकडे आला आणि १४ मॅच जिंकला, ३५ टचडाऊन. मग आता जेट्सनी घाई केली म्हणायचं का? मला नाही वाटत. जेट्सकडे राहिला असता तर हे झालंच नसतं. खेळाडू चांगला असू शकतो आणि तरीही तुमच्या टीमसाठी त्याची वेळ संपलेली असू शकते, ह्या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतात आणि फॅन लोकांना नेमकं हेच पचत नाही.

तेव्हा रॅम्सकडे असलेल्या जॅरेड गॉफचं उलट. २०१६ ला सात स्टार्ट (सुरुवातीपासून खेळलेल्या मॅच), सातही हरला. रॅम्सचा ऑफेन्स पॉईंटमध्ये लीगमध्ये शेवटचा. मॅकव्हे हेड कोच म्हणून आला, लाईनमध्ये लेफ्ट टॅकलला अँड्र्यू व्हिटवर्थ आणला, २०१७ ला तोच ऑफेन्स लीगमध्ये पहिला. क्वार्टरबॅक तोच. म्हणून बदलायचं असेल तर आधी त्याच्या आजूबाजूचं बदला, ते बदलून पण डोळे खालीच जात असतील तर मग सोडा, आणि सोडताना रडू नका.

टेबलतोड्या:

हे मी वर हेच म्हणलो होतो फक्त कमी शब्दांत

ऑल२२_बघणारा:

तुम्ही फक्त ॲलन म्हणालात 😂

अर्धवट_पंट:

सगळ्यांचे आभार, काकांचे थोडे कमी. भावाला ऑप्शनचं सांगितलं तर तो लगेच म्हणाला बघ, म्हणजे माझंच बरोबर.

एक शंका @ऑल२२_बघणारा दादा, बेंच करणं कसं वाटतं? म्हणजे सोडायचं नाही पण महिनाभर खाली बसवायचं. त्याने आत्मविश्वास जातो का येतो?

ऑल२२_बघणारा:

दोन्ही बघितलंय. यंगला २०२४ ला दोन मॅचनंतर बसवला, अँडी डाल्टनला आणला. तेव्हा सगळे म्हणाले संपला. मग ऑक्टोबरमध्ये डाल्टनच्या गाडीला अपघात झाला, अंगठा दुखावला, म्हणून यंग परत आला. म्हणजे टीमने ठरवून परत आणला असं पण नाही! आणि परत आला तो वेगळाच, पाय शांत, बॉल लवकर सुटतोय. सिझनची शेवटची मॅच अटलांटात ओव्हरटाईममध्ये ४४-३८ जिंकला, तीन टचडाऊन पासवर आणि दोन स्वतः पळून. त्याच वर्षी कोल्ट्सनी अँथनी रिचर्डसनला बसवून फ्लाकोला खेळवला, तिथे तसं नाही झालं, वर्षभराची कंप्लीशन ४७.७ टक्के आणि २०२५ ला जागा डॅनियल जोन्सला गेली (हो काका, तोच जोन्स). रिचर्डसन कॉलेजमध्येच जेमतेम १३ मॅच स्टार्टर होता, त्याला बसवून ठेवण्यापेक्षा स्नॅप हवे होते असं माझं मत. त्यामुळे बेंचचा नियम काही नाही.

कॅपवाला_काका:

जोन्सचं नाव काढलंत, मी गप्प बसतो आता. पण एक मान्य करतो, तिसरा कोऑर्डिनेटर हा टीमचा गुन्हा आहे, पोराचा नाही. तिसरं वर्ष द्या. ऑप्शन मात्र डोळे मिटून घेऊ नका, आणि लेट राऊंडमध्ये दुसरा एक क्वार्टरबॅक घेऊन ठेवा. ४९अर्सचा क्वार्टरबॅक पर्डी २६२ वा होता, ड्राफ्टचा अगदी शेवटचा पिक, आणि त्याच टीमने आधी क्वार्टरबॅक ट्रे लान्ससाठी तीन फर्स्ट राऊंड पिक मोजले होते.

अर्धवट_पंट:

अपडेट. काल रात्री शेवटच्या चार मॅचचे सगळे सॅक भावाबरोबर बसून परत बघितले, थांबवून थांबवून. एकूण १७. मी पैजेवर सांगितलं होतं की किमान १२ तरी लाईनचे निघणार. लाईनचे निघाले ८. बाकीच्या नऊमध्ये बॉल टाकायला वेळ होता, दोनदा तर रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) समोर पाच यार्डांवर एकटा हात वर करून उभा होता. आता भाऊ काही बोलत नाहीये, नुसता माझ्याकडे बघतोय.