इंदूरमध्ये पाच दिवस, घाई न करता: खाणे आणि पाहणे यांचा मेळ कसा घालावा?

संथप्रवासी

नमस्कार. येत्या डिसेंबरमध्ये मी, माझी पत्नी आणि तिची थोरली बहीण असे आम्ही तिघे पुण्याहून इंदूरला जाणार आहोत. तिघांचीही साठी उलटलेली आहे. पत्नीचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिने आणि घाटाच्या पायऱ्या तिला जपून कराव्या लागतात. तिच्या बहिणीला मधुमेह आहे, परंतु जिलेबी समोर आली की तो तिच्या लक्षात राहत नाही.

एका प्रवासी कंपनीकडून आम्ही आराखडा मागवला होता. त्यात चार दिवसांत उज्जैन, ओंकारेश्वर, मांडू आणि महेश्वर बसवले आहेत आणि इंदूर केवळ रात्री झोपण्यापुरते ठेवले आहे. अशा सहली आम्ही पूर्वी केल्या आहेत. गाडीतून उतरायचे, छायाचित्र काढायचे, पुन्हा गाडीत बसायचे, आणि घरी परतल्यावर कोणते देऊळ कोणत्या गावचे यावरून वाद घालायचा, असा त्यांचा अनुभव आहे. या वेळी मात्र एकाच शहरात मुक्काम ठेवून निवांत खावे, थोडे पाहावे आणि दुपारी झोपावे अशी इच्छा आहे.

सराफा या रात्रीच्या खाऊबाजाराबद्दल पुष्कळ ऐकले आहे, परंतु रात्री दहानंतर खाण्याची आम्हाला सवय नाही. शहरात पाहण्यासारखे नेमके काय आहे, बाहेरगावी एकच फेरी करायची झाल्यास कोणती करावी, आणि राहण्यासाठी कोणता भाग सोयीचा पडेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे. पत्नीला महाकालाचे दर्शन घ्यायचे आहे, हेही लक्षात असू द्यावे.

रामबागकर

माझे बालपण इंदूरच्या रामबागेत गेले. आता ठाण्यात असलो तरी वर्षातून एकदा तिकडे जाणे होतेच. आपला बेत मला मनापासून आवडला, कारण इंदूरला जाऊन इंदूर न पाहता परतणारे लोकच मी अधिक पाहिले आहेत.

सर्वप्रथम या शहराचे घड्याळ समजून घ्यावे. इंदूरचे खाणे सकाळी सात ते दहा आणि रात्री नऊनंतर अशा दोन वेळांत विभागलेले आहे. मधला काळ पोटाला विश्रांती देण्यासाठी आहे असे मानले, तर आपली सहल आपोआप निवांत होईल. ज्यांना हे उमगत नाही ते सकाळी पोहे, अकराला कचोरी, दुपारी दाल-बाफले आणि रात्री सराफा असा क्रम लावतात आणि दुसऱ्या दिवशी खोलीत पडून राहतात.

पोह्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपण पुण्याचे आहात आणि तुलना होणे अटळ आहे. इंदूरचे पोहे कढईत परतून थेट बशीत येत नाहीत. तयार पोह्यांचा ढीग रचलेली परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेली असते आणि खालून येणाऱ्या वाफेमुळे ते तासन्‌तास मऊ राहतात. त्यात तेल कमी असते, किंचित गोडसर चव असते आणि दाताखाली बडीशेप येते. वरून बारीक शेव, चिरलेला कांदा, लिंबू आणि शेवटी चिमूटभर जिरावण पडते. जिरावण म्हणजे जिरे, धने, बडीशेप, आमचूर, हिंग, काळे मीठ अशा जिनसांची आंबटखारट भुकटी होय. ती आधीच पडली असली तरी 'भैया, थोडा जीरावन और' असे म्हणण्यास संकोच करू नये. सोबत जिलेबी घेण्याची पद्धत आहे. आपल्या मेहुणीबाईंना ती तिघांत एकच द्यावी. झणझणीत हवे असेल तर उसळ-पोहे मिळतात. मिसळीची आठवण काढून त्यांना नावे ठेवू नयेत, एवढीच विनंती.

आता पाहण्याचे. होळकरांचा राजवाडा सकाळी, पोहे खाऊन झाल्यावर पाहावा. सात मजल्यांची ती दर्शनी बाजू, खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी, चौकात उभे राहून नीट न्याहाळण्यासारखी आहे. या वास्तूला एकाहून अधिक वेळा आग लागली. १९८४ च्या दंगलीत लागलेल्या आगीत आतला मोठा भाग नष्ट झाला आणि तो पुढे नव्याने उभारण्यात आला. आत मल्हारी मार्तंडाचे देऊळ आहे. जेजुरीचा देव सुभेदार मल्हारराव होळकरांबरोबर माळव्यात आला, हे तिथे उभे राहिल्यावर कोणी सांगावे लागत नाही. तिथून कान्ह नदीकाठच्या कृष्णपुरा छत्र्या जवळ आहेत. या होळकर घराण्यातील व्यक्तींच्या समाध्या आहेत. खांबांवरचे कोरीवकाम बारीक आहे आणि गर्दी सहसा नसते. याच परिसरात इतवारिया बाजारात सर सेठ हुकुमचंद यांनी बांधवलेले जैन काच मंदिर आहे. त्याच्या भिंती, छत, खांब, जमीन सर्व काही काचेने मढवलेले आहे.

लालबाग राजवाड्याला मात्र स्वतंत्र सकाळ द्यावी. त्याचे काम १८८६ मध्ये सुरू होऊन १९२१ पर्यंत टप्प्याटप्प्याने चालले. मुख्य फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर घडवलेले आहे. राजवाड्याचा चौक आणि लालबागेचे दिवाणखाने पाठोपाठच्या दिवशी पाहिले म्हणजे एकाच घराण्याची चाल दीडशे वर्षांत कुठून कुठे गेली ते ध्यानात येते. डागडुजीमुळे काही दालने अधूनमधून बंद ठेवली जातात, म्हणून निघण्यापूर्वी हॉटेलातून चौकशी करावी, आणि सोमवार टाळावा.

सराफ्याबद्दल आपली शंका रास्त आहे. दिवसा ही सोन्याचांदीची बाजारपेठ असते. रात्री आठ-नऊच्या सुमारास दुकानांची दारे ओढली जातात आणि त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. नऊला जावे आणि साडेदहाला परतावे, खरी गर्दी त्यानंतर उसळते. त्या दिवशी रात्रीचे जेवण करू नये आणि दुपारी झोपून घ्यावे. डिसेंबर असल्याने गराडू अवश्य खावा. कोनफळाच्या जातीचा हा कंद हिवाळ्यातच मिळतो. त्याचे तुकडे तळून, पुन्हा बारीक कापून दुसऱ्यांदा तळतात आणि गरम असतानाच मसाला व लिंबू घालून देतात. भुट्टे का कीस म्हणजे किसलेले मक्याचे कणीस दुधात शिजवून केलेला तिखट पदार्थ. हाही चमच्याने खावा आणि एकाच बशीवर थांबावे. दहीवड्याच्या प्रसिद्ध दुकानात दह्याने भरलेला द्रोण हवेत उंच उडवून पुन्हा झेलतात, थेंबही सांडत नाही. वडा बरा असतो, पण लोक जमतात ते त्या उडवण्यासाठी.

साबुदाण्याच्या खिचडीबद्दल एक सूचना. तुपाजिऱ्याच्या फोडणीत परतलेली, दाण्याच्या कुटाची आपली खिचडी डोळ्यांपुढे ठेवून जाल तर निराश व्हाल. तिथे साबुदाणा वाफेवर मऊ ठेवलेला असतो आणि विक्रेता त्यात मसाला, बटाट्याचा चिवडा आणि लिंबू घालून समोरच कालवून देतो. तो वेगळा पदार्थ मानावा, म्हणजे आवडतो.

अर्धीप्लेट

रामबागकरांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, परंतु सराफ्यावर त्यांचा जरा अधिकच लोभ आहे, असे एक बाहेरचा माणूस म्हणून मला वाटते. शनिवार-रविवारी तिथे अक्षरशः खांद्याला खांदा लागतो, बसायला जागा नसते, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तासभर उभे राहून खाणे ही शिक्षा ठरते. आपण मंगळवार किंवा बुधवार निवडावा. पहिल्या संध्याकाळी छप्पन दुकानला जावे, हा माझा सल्ला आहे. न्यू पलासियातील या रस्त्यावर वाहनांना मज्जाव आहे, बसायला बाके आहेत आणि सर्व काही संध्याकाळीच सुरू असते. खोपरा पॅटिस तिथे चांगले मिळते: बाहेर बटाट्याचे आवरण, आत ओल्या खोबऱ्याचे गोडसर सारण. शिकंजी मागवाल तर लिंबू-पाणी येणार नाही. इंदूरची शिकंजी म्हणजे आटवलेल्या दुधाचे, सुक्या मेव्याचे, रबडीच्या वळणाचे दाट पेय असते. आमच्या मधुमेही काकांनी सरबत समजून ती पूर्ण पेलाभर प्यायली होती, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

राहण्याच्या जागेबाबत स्वतःचा अनुभव सांगतो. बाजार जवळ पडेल म्हणून आम्ही राजवाड्याच्या अलीकडच्या एका हॉटेलात खोली घेतली होती. संकेतस्थळावरच्या छायाचित्रात लिफ्ट दिसत होती. ती प्रत्यक्षातही होती, केवळ चालत नव्हती. तिसऱ्या मजल्यावर आईला घेऊन दिवसातून चार वेळा चढ-उतार झाली, आणि खाली मध्यरात्रीपर्यंत गाड्यांचे भोंगे. त्यामुळे पलासियाच्या बाजूला राहावे आणि जुन्या बाजारात रिक्षाने जावे. खोली घेण्याआधी दूरध्वनी करून 'लिफ्ट आज चालू आहे का' असा नेमका प्रश्न विचारावा.

दाल-बाफले दुपारी, तेही ज्या दिवशी संध्याकाळचा काही बेत नाही अशा दिवशी खावेत. बाफला म्हणजे आधी पाण्यात उकडून मग भाजलेली बाटी, आणि ती तुपात बुडवूनच येते. दोन पुरतात. वाढणारा आग्रह करतो. ताटावर हात आडवा धरावा.

रेवातीर

बाहेरगावच्या फेरीसाठी मी निःशंकपणे महेश्वरचे नाव सुचवेन, आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याऐवजी एक रात्र तिथे काढावी असेही म्हणेन. इंदूरपासून ते सुमारे ९० किलोमीटर आहे. मांडू भव्य आहे, यात शंका नाही, परंतु जहाज महाल व त्याच्या जवळचा हिंदोळा महाल सोडले, तर होशंगशहाची कबर, रूपमतीचा मंडप अशा वास्तू एकमेकांपासून दूर विखुरलेल्या आहेत, चढ-उतार पुष्कळ आहे, आणि पावसाळ्यात जी शोभा असते ती डिसेंबरात उरत नाही. महेश्वरला याउलट काहीच पाहण्याची घाई नसते.

१७६६ मध्ये मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी अहिल्याबाईंनी कारभार महेश्वरला हलवला. किल्ल्यातला त्यांचा वाडा पाहून अनेकांची निराशा होते, कारण तो फारच साधा आहे: एक ओसरी, लाकडी खांब, पांढरी बैठक, शेजारी देवघर. मला तर तोच साधेपणा थांबवून ठेवतो. घाटावर उतरताना पायऱ्या उंच आहेत, म्हणून वहिनींना किल्ल्यातून खाली नेण्याऐवजी गाडीने नदीच्या पातळीवर जाता येईल असा रस्ता स्थानिक चालकाला विचारावा आणि सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास होडी घ्यावी. नर्मदेच्या मध्यभागी बाणेश्वराचे लहान देऊळ आहे. होडी तिथवर गेली की मागे वळून पाहावे. किल्ला, घाट आणि छत्र्या एकाच नजरेत येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातमाग पाहावेत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर कुटुंबीयांनी स्थापन केलेल्या रेवा सोसायटीमुळे इथल्या विणकामाला पुन्हा बळ मिळाले. माहेश्वरी साडीचा ताणा रेशमी आणि बाणा सुती असतो, म्हणून ती हलकी असते. दोन्ही बाजूंनी नेसता येणाऱ्या किनारीला बुगडी म्हणतात, आणि किनारीवरची लहर, चटई ही नक्षी किल्ल्याच्या व घाटाच्या दगडांवरून उचललेली आहे. आधी भिंतीवरची नक्षी पाहून मग दुकानात जावे. तीन साड्यांचा हिशेब धरून ठेवावा. आपण दोघी बहिणींना नेत आहात आणि घरी सूनबाई असतीलच.

संथप्रवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सून आहे, त्यामुळे तीन साड्यांचा अंदाज बरोबर ठरला. आता असे ठरवत आहे की दोन दिवस इंदूर, मग एक रात्र महेश्वर आणि शेवटचा दिवस पुन्हा इंदूर. सराफा बुधवारी येईल असे पाहतो. महाकालाचे मात्र अजून जुळत नाही. भस्म आरती पाहिलीच पाहिजे असे प्रत्येक जण सांगतो, आणि ती पहाटे चारला असते असे कळले. त्यासाठी उज्जैनला मुक्काम करावा का?

रामबागकर

भस्म आरतीसाठी आधी नोंदणी करावी लागते आणि मध्यरात्रीनंतर लगेचच रांगेत जाऊन बसावे लागते. वहिनींच्या गुडघ्यांचा विचार करता मी तो मोह सोडण्यास सांगेन. उज्जैन इंदूरपासून ५५ किलोमीटरवर आहे. सोमवार आणि सुट्टीचे दिवस वगळून सकाळी सहाला निघावे, साधे दर्शन घ्यावे आणि दुपारच्या झोपेला परत यावे. आवारात चालणे बरेच आहे, म्हणून त्या दिवशी दुसरे काही ठेवू नये. सध्याचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी पुन्हा उभारले, आणि गावातले गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांचे. परतीच्या वाटेवर वेळ उरला तर ते पाहून घ्यावे, नाही उरला तर सोडून द्यावे.

शेवटच्या दिवशी शेव घ्याल तेव्हा लवंगेची शेव आणि साधी बारीक शेव अशी दोन्ही अर्धा-अर्धा किलो घ्यावी. जिरावणाची पुडी मात्र दुहेरी पिशवीत बांधून घ्यावी आणि साड्यांच्या पिशवीत ठेवू नये. आमच्या घरी एका पैठणीला अजून हिंगाचा वास येतो.