बेडरूमचे दिवे पलंगावरून चालू-बंद करायचेत, वायरिंगला हात न लावता – मदत हवी आहे

घुबड२२:
खोलीत तीन दिवे आहेत. छताला पिनच्या होल्डरमध्ये ९ वॅटचा एलईडी बल्ब, भिंतीवर २० वॅटची एलईडी पट्टी आणि आरशावर स्क्रूच्या होल्डरमध्ये एक लहान बल्ब. तिन्हींची बटणं दाराजवळच्या एकाच बोर्डात, आणि पलंग समोरच्या भिंतीला. घर भाड्याचं, त्यामुळे भिंत फोडणं, नवी वायर ओढणं बाद. सोडताना सगळं काढून नेता आलं पाहिजे. पलंगाशी साधं बटण हवंच, कारण सासूबाई फोनच्या वाटेला जात नाहीत. फोनवरूनही जमलं तर उत्तम. दाराजवळची बटणंही चालू राहायला हवीत. वाय-फायचे बल्ब घ्यावेत की रिमोटवाला काही प्रकार?

पाना-पक्कड:
सगळं घोडं तुमच्या शेवटच्या अटीपाशी अडतंय. स्मार्ट बल्ब कुठलाही घ्या, भिंतीवरचं बटण बंद केलं की त्याचा पुरवठाच तुटतो. मग रिमोटही नाही आणि फोनही नाही. म्हणजे जुनी बटणं कायम चालू ठेवायची आणि दाराशीही एक बिनतारी बटण चिकटवायचं, हा सरळ मार्ग. जुन्या बटणांवर प्लास्टिकची झाकणं लावा, नाहीतर सवयीने कोणीतरी बंद करणारच.

तुमच्यासाठी झिगबीचे (झिगबी म्हणजे वाय-फायपेक्षा वेगळी, कमी विजेवर चालणारी बिनतारी पद्धत) दोन बल्ब (एक पिनचा, एक स्क्रूचा) आणि त्याच कंपनीची दोन बिनतारी बटणं. बटण बल्बपासून वीतभर अंतरावर धरून जोडणीचं बटण साधारण दहा सेकंद दाबलं की बऱ्याच कंपन्यांचे बल्ब थेट जोडले जातात. हब (बल्बांना फोन-इंटरनेटशी जोडणारी डबी) नको, इंटरनेट नको. सासूबाईंसाठी हेच बरं. फोन हवा असेल तेव्हा हब घ्या. थेट जोडणी चालते का, हे खोक्यावर वाचूनच घ्या, सगळ्यांत ती नसते.

वाय-फाय बल्बला हब लागत नाही, पण पलंगाशी बटण हवं असेल तर फार थोड्यांबरोबर रिमोट येतो.

लुकलुक:
वाय-फायचा बल्ब घेतलाच तर जोडणी कुठे अडते ते सांगतो. हे बल्ब बहुतेक करून वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच चालतात. राउटरने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला एकच नाव दिलेलं असलं तर फोन ५ वर बसतो, बल्ब २.४ वर शोधत राहतो आणि अॅप शेवटी ‘उपकरण सापडलं नाही’ म्हणून हात वर करतं. जोडणीपुरतं ५ गिगाहर्ट्झ बंद करा. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर (वाय-फायच्या पासवर्ड-सुरक्षेचा नवा प्रकार) ठेवला असेल तरी बरेच बल्ब जोडले जात नाहीत, डब्ल्यूपीए२ करून बघा.

आणि हो, बऱ्याच बल्बांना जोडणीच्या अवस्थेत नेण्यासाठी भिंतीवरचं बटण पटापट तीन ते पाच वेळा चालू-बंद करावं लागतं. वीज लपंडाव खेळली तरी नेमकं तेच घडू शकतं, बल्ब जुनी जोडणी विसरून लुकलुकत बसतो. (आयडीचा याच्याशी संबंध नाही.)

ओहम:
पट्टीचं कोणी बोललं नाही. पट्टीला स्मार्ट बल्ब कसा लावणार? तिथे ४३३ मेगाहर्ट्झचा रिसीव्हर आणि रिमोट बटण हा उपाय. रिसीव्हर म्हणजे लहानशी डबी. बोर्डाकडून येणारे फेज-न्यूट्रल तिच्या इनपुटला आणि आउटपुट पट्टीला. पट्टीच्या दोन वायरींच्या जोडापाशी ती मध्ये बसते, भिंतीतल्या वायरींना हात लागत नाही.

क्रम असा. एमसीबी पाडा, जोडावर टेस्टर लावून पुरवठा खरंच बंद आहे ना बघा. जोडणी करा, वायरी ओढून बघा, डबी बंद करा. एमसीबी चालू करून रिसीव्हरचं शिकवणीचं बटण दाबा, त्याचा दिवा लुकलुकला की रिमोटचं बटण दाबा. झालं. शेजाऱ्याच्या रिमोटने आपला दिवा लागेल का, हा प्रश्न येतोच. शिकणाऱ्या प्रकारात रिमोटचा ओळख-कोड बहुधा २० बिटांचा, म्हणजे दहा लाखांहून जास्त शक्यता. डबीवर खटके सरकवून कोड लावायचा जुना प्रकार मात्र टाळा.

लोक हमखास चुकतात ते अँटेनापाशी. डबीतून साधारण १७ सेंटिमीटरची एक बारीक वायर लोंबत असते. ती ४३३ मेगाहर्ट्झच्या तरंगलांबीच्या पाव भागाएवढी असते. नीटनेटकं दिसावं म्हणून तिची गुंडाळी करतात किंवा कापून टाकतात. कधी पत्र्याच्या पट्टीत कोंबतात. मग रिमोट दोन पावलांवरूनच चालतो आणि दोष मालाला. ती सरळ ठेवा, पत्र्याबाहेर काढा.

घुबड२२:
ओहम, पाना-पक्कड, आभार. अजून दोन शंका. जुन्या बटणाला चिकटवून त्याला दाबणारं यांत्रिक बोट मिळतं, त्याने सगळंच सुटणार नाही का? आणि रात्री वीज जाऊन आली तर दिवा आपोआप पेटेल का?

पाना-पक्कड:
बोट चालतं, पण ते एका बटणामागे एक, तुम्हाला तीन लागतील. आपल्याकडच्या रॉकर बटणांना बोटाने एकदा दाबावं लागतं आणि एकदा वर ओढावं लागतं, ओढण्यासाठी बोटाबरोबर दोरीचं स्टिकर येतं. तेच आधी सुटतं. बटणं दाटीने असतील तर बोटांना चिकटायला जागाच मिळत नाही. एखाद्या एकट्या बटणाला ठीक आहे. याचा फायदा मात्र मान्य करायला हवा, दाराचं बटण हातानेही चालतं.

दुसऱ्या शंकेचं उत्तर, हो, पेटेल. बहुतेक स्मार्ट बल्ब वीज आली की पूर्ण उजेडात पेटतात. अॅपमध्ये ‘वीज आल्यावर काय करावं’ अशी सेटिंग असते, तिथे ‘शेवटची स्थिती’ निवडा. ती सेटिंग नसलेला बल्ब बेडरूमला घेऊ नये. थेट जोडलेल्या झिगबी बल्बालाही ती लावायला एकदा हब लागू शकतं, घेण्याआधी विचारा.

लुकलुक:
बोर्डाच्या आत बसणारे रिले मोड्यूल (बटणामागे लपणारा, फोनवरून चालणारा स्विच) सुचवणारे येतीलच, तर आधीच सांगून ठेवतो. त्याने दाराची बटणं चालू राहतात, पण न्यूट्रल लागतो. बोर्डात सॉकेट असेल तर न्यूट्रल बहुधा असतोच. बिनन्यूट्रलचे मोड्यूल बल्बमधून थोडा प्रवाह सोडून जगतात, त्यामुळे छोटा एलईडी बंद असतानाही मिणमिणतो. मग तो प्रवाह बाजूने वळवायला दिव्याला समांतर बायपास कपॅसिटर लावावा लागतो. घरमालकाची परवानगी आणि वायरमन, दोन्ही लागतील.

घुबड२२:
मग दोन झिगबी बल्ब, पट्टीला रिसीव्हर, दाराशी बिनतारी बटण. स्मार्ट बल्ब सतत वीज खात राहतील ना?

ओहम:
दिवा बंद असताना अर्धा वॅट धरला तर एका बल्बाचे वर्षाला साडेचार युनिटच्या आत. त्यापेक्षा आरशावरच्या दिव्याची शेड बघा. पूर्ण बंद असेल तर स्मार्ट बल्ब आत तापून लवकर जातो, खालून किंवा वरून उघडी हवी. आणि त्याच्या लाईनवर जुना डिमर (उजेड कमी-जास्त करणारं बटण) असेल तर स्मार्ट बल्ब लावू नका, गुणगुणेल नि फडफडेल.