शब्दचर्चा: अ‍ॅब्स्ट्रॅक्शन आणि एन्कॅप्सुलेशन यांत फरक काय?

प्रश्न: दुसऱ्या वर्षाला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग आहे. नोट्समध्ये अ‍ॅब्स्ट्रॅक्शन आणि एन्कॅप्सुलेशन या दोन्हींचा अर्थ ‘माहिती लपवणे’ असाच दिलाय. मग दोन शब्द कशाला? मराठीत काय म्हणावं?

उत्तर: माहिती लपवणे ही तिसरीच गोष्ट आहे. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नस यांनी १९७२ साली ती मांडली: जे निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, ते एकेका मॉड्यूलच्या (प्रोग्रॅमच्या स्वतंत्र भागाच्या) आत ठेवा, बाहेर कळू देऊ नका.

‘वेळ’ नावाचा क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट ज्यावरून बनतात तो साचा, लिहायचा आहे असं धरू. फक्त तास आणि मिनिटं हवीत, सेकंद आणि तारीख नको, हे ठरवलं ते अ‍ॅब्स्ट्रॅक्शन. तो डेटा आणि त्यावर काम करणाऱ्या मेथड्स (क्लासमधली फंक्शन्स) एकत्र बांधल्या, मिनिटांत कोणी ७५ घालू शकणार नाही अशी सोय केली, ते एन्कॅप्सुलेशन. उद्या आतल्या आत मध्यरात्रीपासूनची एकूण मिनिटं साठवायला लागलात, म्हणजे ८:१५ ऐवजी ४९५, तरी बाहेरच्या कोडची एक ओळही बदलावी लागली नाही, तर माहिती नीट लपवली होती.

एन्कॅप्सुलेशनला ‘संपुटन’ शोभतो. संपुट म्हणजे झाकणाची डबी. ‘करसंपुट’मध्ये तोच शब्द आहे. अ‍ॅब्स्ट्रॅक्शनसाठीचा ‘अमूर्तीकरण’ मात्र मला खटकतो. अमूर्त म्हटलं की न दिसणारं असं मनात येतं आणि तिथूनच ‘लपवणे’ आत शिरतं. त्यापेक्षा ‘सारग्रहण’ बरा: कामाचं तेवढं घेणं.

दुसरं मत: मग अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लासला ‘सारवर्ग’ म्हणणार का? तिथे ‘अमूर्त वर्ग’च चपखल आहे. त्या वर्गाचा थेट ऑब्जेक्ट बनवताच येत नाही. मूर्त रूप मिळतं ते त्याच्या उपवर्गाला.

उत्तर: हे पटलं. वर्गाला ‘अमूर्त’, क्रियेला ‘सारग्रहण’ असे दोन शब्द ठेवू. एकाच इंग्रजी शब्दाला सगळीकडे एकच मराठी शब्द हवा, असं काही नाही.

प्रश्न: सगळे फील्ड (क्लासमधला डेटा) प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून थेट न वापरता येणारे, करून प्रत्येकाला गेटर-सेटर (किंमत वाचणारी आणि बदलणारी मेथड) दिले की संपुटन झालं ना?

उत्तर: नाही! हा गैरसमज परीक्षेच्या उत्तरांत सर्रास दिसतो. मिनिटांचा सेटर आलेला कोणताही आकडा निमूटपणे घेत असेल तर ७५ आत गेलेच. सेटरने तपासलं पाहिजे. शक्य असेल तिथे सेटर देऊच नका, ‘मिनिटे वाढव’ अशी अर्थपूर्ण मेथड द्या. ५९ ओलांडले की तास पुढे नेणं तिचं काम. पायथनमध्ये तर जावासारखा प्रायव्हेट हा कीवर्डच नाही. नावाआधी एक अंडरस्कोर हा नुसता संकेत असतो, तरीही तिथे उत्तम संपुटन करता येतं.